भिंतीला तोंड

22 मार्च 2025, शनिवार

आज कर्नाटक बंद. बेळगावात बस-कंडक्टरला मारहाण झाली, मराठी-कन्नडवरून, त्याचा निषेध म्हणून. बंगळुरात बंदचा जोर जेमतेमच, पण उगाच कशाला जा म्हणून घरी बसलो आणि टेप काढून जेवणघराची मापं घेतली.

दिवाणखान्यात जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर आहेत. त्यांचा आवाज जेवणघरात पोचतो तो नुसता घुमारा होऊन. आई तिथे भाजी निवडत बसते आणि ‘शब्द कळत नाहीत रे, जरा वाढव’ म्हणते. वाढवला की दिवाणखान्यात बसलेल्याचे कान किटतात. तेव्हा जेवणघराला वेगळी जोडी हवी. ठेवायची कुठे? एकीकडे फ्रिज, दुसरीकडे मांडणी, मध्ये टेबल. भिंतच उरते.

भिंत सलग काँक्रीटची आहे. आमची इमारत ‘मायव्हान’ पद्धतीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेले. विटांच्या भिंतीत झिरी मारून वायर गाडतात तसं इथे करायचं नाही. वायर बाहेरूनच जाणार.

23 मार्च, रविवार

भिंतीवरचा स्पीकर ही जागा वाचवायची तडजोड, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. रॉय अ‍ॅलिसन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचा 1974 सालचा निबंध वाचताना ते मत बदलायला लागलं. खालचे स्वर स्पीकरच्या चहूबाजूंनी पसरतात, त्यातले मागे जाणारे भिंतीवर आपटून परत येतात. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर 140 हर्ट्झच्या आसपास परत येणारी लाट पुढे जाणाऱ्या लाटेच्या नेमकी उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खातात. आता काळी एकचा पुरुषी षड्ज धरा: सुमारे 138 हर्ट्झ. म्हणजे स्टँडवर दिमाखात उभा केलेला स्पीकर गवयाच्या ‘सा’खालीच खड्डा खणू शकतो.

तोच खोका भिंतीला चिकटवला, पाच इंच खोलीचा, तर तो खड्डा 700 हर्ट्झच्या आसपास सरकतो. तिथे आवाज बराचसा पुढेच जायला लागलेला असतो, मागे फारसं काही जात नाही, म्हणून खड्डाही उथळ. शिवाय भिंत खालच्या स्वरांना सहा डेसिबलपर्यंत उचलून देते. फुकटात.

मेख इथेच आहे. बाजारातले बहुतेक छोटे स्पीकर मोकळ्यावर ठेवायचे म्हणून बनवतात, आणि त्यात ही उणीव आधीच भरून काढलेली असते. ते भिंतीला टेकवले की बेस दुप्पट होऊन बसतो आणि गाणाऱ्याला सर्दी झाल्यासारखं वाटतं. पाठीला भोक असेल तर भिंत तेही बुजवते.

म्हणून यादी छोटी झाली: पाठ सपाट, खोका बंद, बेस कागदावर कमी दिसणारा. बंद खोक्याची कल्पना जुनीच. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांचा ‘एआर-1’ 1954 चा.

25 मार्च, मंगळवार

ऑफिसातला एक तरुण विचारत होता, किती वॅटचे घेताय? मला नव्वदीतले टेपरेकॉर्डर आठवले, त्यांच्या खोक्यांवर छापलेले ते हजारो वॅट ‘पीएमपीओ’. त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं माप नव्हतं. वॅटपेक्षा संवेदनशीलता पाहावी. 86 डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर एका मीटरवर 86 देतो, मोकळ्यात दोन मीटरवर 80. साधं बोलणं साठच्या आसपास असतं. पोळ्या लाटता लाटता ऐकायला एक वॅटसुद्धा जास्तच झाला.

29 मार्च, शनिवार

चिकपेटेला मेट्रोतून उतरून एस.पी. रोड. सदर पत्रप्पा रोड असं पूर्ण नाव क्वचितच कुणी घेतं. दुकानं बोळासारखी, आत छतापर्यंत खोके. मी एम्प्लिफायरचंही बोललो. घरच्या जुन्या एम्पला दुसऱ्या जोडीसाठी ‘बी’चं टोक आहे, पण त्याच्या पाठीवर छापलंय की ए आणि बी एकत्र वाजवायचे तर दोन्ही जोड्या किमान 8 ओहमच्या हव्यात. माझे मोठे स्पीकर 6 ओहमचे. त्यांना आणखी 6 जोडले की एम्पला 3 दिसणार आणि तो तापणार. दुकानदाराने ‘टीपीए 3116’ चिपचा तयार बोर्ड पुढे केला, तळहाताएवढा. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. ही कंपनी 1985 साली बंगळुरात आली आणि परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांची रीघ लागली. हे त्याला सांगायचा मोह आवरला. तो घाईत होता.

स्पीकर लाकडी फळीवर वाजवून दाखवत होता. मी म्हटलं, भिंतीला टेकवून धरा. त्याने तोंड वाकडं केलं, पण पोराने एक उचलून धरला. आधीचा, पाठीला भोक असलेला, घुमला. दुसरा, चार इंची बंद खोक्याचा, फळीवर किडमिडीत वाटला होता तो भिंतीला लागताच भरला. दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, ‘सार, इद्रल्लि बेस कम्मी.’ म्हटलं, ‘अदे बेकु.’ तेच तर हवंय.

मी फोनवरून नुसता तानपुरा लावला होता. तपासायला त्यापेक्षा कठोर काही नाही. काळी एकचा खर्ज 69 हर्ट्झचा. चार इंचांचा पडदा तो धड वाजवूच शकत नाही. पण तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांची ओळ नीट आली, तर कान मुळातला खर्ज आपला आपण भरून घेतो. जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, मात्र त्या वरच्या स्वरांतच असते. ती चरचरली तर स्पीकर गेला.

30 मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. शेजारून उगादीचं बेवु-बेल्ला, म्हणजे कडुनिंब-गूळ, आलं, आम्ही श्रीखंड पाठवलं. मुहूर्तावर त्या बंद खोक्याच्या जोडीचे आणि बोर्डचे पैसे भरले. सोबत 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. दहा मीटर जाऊन-येऊन पाव ओहमच्या आत राहते, स्पीकरच्या ओहमपुढे काहीच नाही. हजारो रुपयांच्या ‘ऑडिओ’ वायरी दिसल्या, पुढे गेलो.

5 एप्रिल, शनिवार

हॅमर ड्रिलवाला आला. इथे साधं ड्रिल नुसतं गुरगुरतं. पहिलं भोक सळईला लागलं, ठणठण आवाज आला, तेव्हा दोन बोटं बाजूला सरकून पुन्हा मारलं. ब्रॅकेटला चार-चार स्क्रू, आठ मिलिमीटरच्या गट्ट्या. स्पीकर तीन किलोचासुद्धा नाही, पण खाली आई बसते. वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत यावा असा नियम; इथे टेबल आणि मांडणीमुळे सहा फुटांखाली येता येईना, म्हणून ब्रॅकेट खाली झुकवलं. खोलीच्या कोपऱ्यापासून हातभर लांब. कोपऱ्यात दोन भिंती बेस उचलतात. वायर स्कर्टिंगवरून पट्टीत घातली. बायको म्हणाली, पट्टी भिंतीच्या रंगाची करा. तेवढं बाकी आहे.

6 एप्रिल, रविवार, रामनवमी

सकाळी भीमसेन जोशी लावले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल दुपारसाठी ठेवले. धारवाड-हुबळीकडची ही माणसं कुणाची, हा वाद बंदच्या दिवशी घालणाऱ्यांनी जरूर घालावा. आमच्या स्वयंपाकघरात तो निघत नाही.

एक्झॉस्ट फॅन चालू असताना बोल कळतो. मिक्सर चालू असताना काहीच कळत नाही, ते अपेक्षितच. बेस दोन काट्यांनी खाली आणला. आईने एका जागी बसून विचारलं, ‘पेटी डावीकडून का येते?’ म्हटलं, ‘आई, दोन स्पीकर आहेत ना.’ ‘मला दोन नकोत, मी इथेच बसते,’ म्हणाली. बोर्डवर दोन्ही बाजू एकत्र करायचं बटण नाही. फोनमध्ये सुलभतेच्या सेटिंगखाली ‘मोनो’ सापडलं. आता जेवणघरात दोन्हीकडून तेच वाजतं, आणि आवाजाचं बटण तिच्या हाताला येईल असं खाली लावायचं आहे.