सोडलं की सुटलं?

मी दहावी पास झालो आणि माझी शाळा संपली. पुढं शिकायची हौस नव्हती असं नाही. पण घरी बैलजोडी होती, भाताची खाचरं होती आणि वडिलांना दम्यानं धरलं होतं. नांगर कुणीतरी धरायला हवा होता, तो मी धरला. तेव्हा कुंभिवलीत ‘पोराचं अभ्यासातून मन उडालं’ असं कुणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. मन उडायला वेळच नव्हता. माझं शिक्षण परिस्थितीनं सोडवलं, त्यात माझ्या मनाला कुणी विचारलं नाही.

आता दिवस बदललेत. धाकट्या भावाचा मुलगा आमच्या घरातला सायन्सला गेलेला पहिला पोरगा. पहाटे पाचला उठायचा, डबा घ्यायचा, रिक्षानं खोपोली, तिथून लोकलनं कर्जत. खोपोली ते कर्जत पंधरा किलोमीटरचा एकेरी रूळ, गाड्या मोजक्याच. एक चुकली की तास-तास बसून राहावं लागतं. पहिलं अख्खं वर्ष या पोरानं गाडी चुकवली नाही. पावसाळ्यात नखशिखांत भिजून जायचा, पण जायचा.

दुसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं आणि महिनाभरात काय झालं कळेना. सकाळी हाक मारली तरी उठेना. गेलाच तर डबा भरलेला परत यायचा. रात्री पुस्तक उघडून बसायचा, तासाभरानं बघावं तर पान तेच. सगळं घर झोपलं तरी हा जागा, आणि दिवसा भिंतीकडं तोंड करून पडलेला. आमच्या गोविंदा पथकात दरसाल खालच्या थराला खांदा देणारा पोरगा त्या साली सरावालासुद्धा फिरकला नाही. विचारलं तर एकच उत्तर, “काय नाय. बस, इच्छा होत नाय.”

गावात अशा गोष्टीला निदान करणाऱ्यांची कमी नसते. त्याच्या आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारी म्हणाले, मोबाईलनं नाद लावला. कुणी म्हणालं, पोरीचं प्रकरण असणार. भाऊ मला म्हणाला, “दादा, आता बस झालं. फीचे पैसे काय झाडाला लागतात? कंपनीत ठेकेदाराशी बोललोय. पुढल्या पहिल्या तारखेपासून लावतो त्याला.” आमच्या खालापूर तालुक्यात आता भाताच्या खाचरापेक्षा कारखान्यांची कुंपणं जास्त, त्यामुळं बारावीच्या पोराला हेल्परचं काम मिळायला वेळ लागत नाही. एकदा त्या गेटातून आत गेला की तो परत वर्गात बसणार नव्हता, हे मला दिसत होतं.

देवळाच्या ओट्यावर हा विषय निघाला तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, “सोडू दे की कॉलेज. विनोबांनी नाय सोडलं?” विनोबा म्हणजे आम्हाला परके नाहीत. शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली त्यांचा जन्म झाला. बडोद्याला कॉलेजात होते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले, वाटेत सुरतला उतरले आणि मुंबईऐवजी काशीला गेले. त्याआधी आपले दाखले त्यांनी आईसमोर चुलीत घातले होते. म्हातारबाबांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण मी त्या रात्री पडल्या पडल्या विचार केला. विनोबा सुरतला उतरले ते काशीला जायला. तिथं जाऊन संस्कृत शिकले. त्याच साली जून महिन्यात गांधीजींना जाऊन भेटले आणि आश्रमात राहिले. त्यांचं मन एका गोष्टीतून निघालं ते दुसऱ्या मोठ्या गोष्टीकडं ओढ घेत होतं म्हणून. आमच्या पोराचं तसं होतं का? त्याला कॉलेज नको होतं, पण क्रिकेटही नको होतं, दहीहंडीही नको होती, जेवणही नको होतं. विनोबांनी कॉलेज सोडलं. आमच्या पोराच्या हातून ते सुटत होतं. सोडणाऱ्याची मूठ घट्ट असते, सुटणाऱ्याच्या मुठीत बळच नसतं. या दोघांना एकच औषध कसं चालेल?

गोकुळाष्टमीनंतर मी त्याला म्हटलं, “चल, खाचरात एक फेरी मारून येऊ.” काम सांगितलं नाही, नुसता सोबत नेला. भात फुटव्यावर होतं. बांधावरनं बघितलं तर सगळं हिरवं. पण एका चुडात मधला पोंगा सुकलेला दिसला. ओढला तर अलगद हातात आला, बुडाशी कुजलेला. खोडकिडा. याला गाभा मर म्हणतात. बाहेरची पानं हिरवी असतात म्हणून लांबून काही कळत नाही, अळी आत बसून गाभा खात असते. मी त्याला तो पोंगा दाखवला आणि म्हणालो, “याला आपण आळशी म्हणतो का रे? आत काय झालंय ते बघतो. तुझ्या आत काय झालंय ते मला ठाव नाय. सांगायचं असलं तर सांग, नसलं तर नको सांगू. पण डॉक्टरकडं जाऊ.”

बराच वेळ तो चिखलात पाय हलवत उभा राहिला. मग खाली बघत बोलला, “काका, कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाय तर बरं होईल.”

माझ्या पोटात गोळा आला. पण मी त्याला ‘असं बोलू नये’ म्हणालो नाही. म्हणालो, “बरं झालं सांगितलंस,” आणि दुसऱ्याच दिवशी भावाला घेऊन तिघं खोपोलीला गेलो.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२. यांत कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो, असं त्यांनी सांगितलं. ते सगळं ठीक निघालं. मग त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं कळलं की दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, लक्ष आणि कशातही रस राहिला नाही, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. आम्हाला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मरणाचे विचार येतात का, हे पोराला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलकं होतं. भावानं तिथंच विचारलं, “औषधं किती दिवस?” तेवढ्यावरून मी ओळखलं, ठेकेदाराचा विषय संपला.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांच्यासाठी. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ सालच्या ऑक्टोबरात सुरू झाला. रात्री-अपरात्री कधीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या संस्थेनं समुपदेशक नेमावा. पोराच्या कॉलेजात तो कुठं बसतो ते पालकांनी जाऊन विचारावं. फी भरायला रांगेत उभे राहतो, तर एवढंही विचारायला हरकत नाही.

पोरगा एका दिवसात बरा झाला नाही. औषध लागू पडायला काही आठवडे गेले. त्या सहामाहीत दोन विषय राहिले, एटीकेटी लागली. काही सकाळी अजूनही जड जातात, त्या दिवशी त्याचा बाप स्वतः मोटारसायकलवर त्याला खोपोली स्टेशनला सोडतो, वाटेत फारसं न बोलता. परवा त्याची आई ओरडत होती, कारण या बहाद्दरानं पहाटे डबा उघडून बघितला आणि म्हणाला, “रोज रोज मेथी काय? दुसरं काय तरी दे.” ती ओरडत होती आणि हसतही होती.