सोमसूत्री

सुरत म्हटले की मराठी माणसास १६६४ साल आठवते. आम्हां इच्छापोरकरांस मात्र आधी तापी आठवते. आणि तापीबरोबर, कोणास विचित्र वाटेल, चंद्र.

१९६८ च्या २१ डिसेंबरला बोर्मन, लॉव्हेल आणि अँडर्स हे तिघे अपोलो-८ मधून चंद्राकडे निघाले. ते चंद्राभोवती फिरून परतणार, उतरणार नाहीत, असे वडिलांनी सांगताच आजीने वाती वळता वळता मान वर केली.

"पायसुद्धा ठेवायचा नाही? मग एवढ्या लांब जायचं कशाला रे?"

"प्रदक्षिणाच ही, आई. गाभाऱ्यात कुठे जातो आपण?"

आजीस ते पटले. पटले नाही ते पुढचेच. यान चंद्रामागे गेले की रेडिओलहरींच्या आड चंद्रच येतो. दोन तासांच्या प्रत्येक फेरीत सुमारे पाऊण तास बोलणे बंद. आणि दहा फेऱ्यांनंतर परतीसाठी इंजिन पेटवायचे तेही नेमके त्या आडोशाला. ते न पेटले तर तिघे तिथेच फिरत राहणार. आजीने वाती बाजूला ठेवल्या.

त्याच वर्षी ऑगस्टात तापीस महापूर आला होता. काका नदीपलीकडे सुरतेत एका पेढीवर कारकून होते. दर शनिवारी होप पूल ओलांडून घरी येत. त्या शनिवारी आले नाहीत. तार नाही, माणूस नाही, निरोप नाही. पाच दिवस आजी ओसरीवरून हलली नाही. सहाव्या दिवशी रांदेरच्या रस्त्याने, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले काका चालत आले. आजीने काही विचारले नाही. "पाय धू, पान वाढते," एवढेच म्हणाली.

२५ डिसेंबरला, आपल्याकडे दुपारचे पावणेबारा होत असताना, ते इंजिन पेटले. आम्हांस बातमी मिळाली संध्याकाळी. आजीने देवापुढे साखर ठेवली.

३ एप्रिल २०२३ रोजी आर्टेमिस-२ साठी वाइजमन, ग्लोव्हर, क्रिस्टिना कोच आणि हॅन्सन यांची नावे जाहीर झाली. चांद्रमोहिमेवर नेमली गेलेली पहिली स्त्री यांत आहे, हे आजीस सांगावयास हवे होते. या मोहिमेची आखणी निराळी: चंद्राभोवती फेऱ्या घालावयाच्या नाहीत, एकदाच मागून जावयाचे, आणि चंद्राच्या ओढीनेच यान पृथ्वीकडे वळावयाचे. महादेवाच्या देवळात पन्हळ न ओलांडता मागे फिरतात, त्या सोमसूत्री प्रदक्षिणेची आम्हांस आठवण झाली. सोम म्हणजे चंद्रच. योगायोग खरा, पण आजीने तो नक्की मिरवला असता.

काका आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांना आम्ही ती वाट कागदावर काढून दाखविली. आठाच्या आकड्यासारखी लांबट रेघ. त्यांनी चंद्रामागच्या वळणावर बोट ठेवले.

"इथे किती वेळ बोलणं बंद?"

"अर्धा-पाऊण तास."

काकांनी बोट उचलले नाही. "आणि घरची माणसं?" त्यांनी विचारले.