पाखराची रात्र

माणसाच्या घरात पोपटाला फार पूर्वीपासून मानाची जागा आहे. ‘शुकबहात्तरी’तील पोपट रात्र रात्र जागून गोष्टी सांगतो. छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास स्त्रिया टोपलीतल्या धानावर मातीचा पोपट ठेवतात आणि त्याच्याभोवती फेर धरून, टाळ्यांच्या तालावर, आपले सुखदुःख त्याला सांगतात. तिकडच्या बोलीत पोपटाला ‘सुआ’ म्हणतात. बोलणारा, ऐकणारा, निरोप नेणारा पोपट असा सर्वांच्या परिचयाचा आहे. झोपणारा पोपट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नंदिनी नगरातील एका आजोबांच्या ध्यानात तो आला, याला एक निमित्त घडले.

नंदिनी नगर ही भिलाईजवळची खाणकामगारांची वसाहत. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार 1955 साली सोव्हिएत संघाशी झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोखंड गाळताना त्यातील मळ वेगळा करण्यासाठी चुनखडी लागते. ती नंदिनीच्या खाणींतून येऊ लागली. कामाच्या शोधात विदर्भातूनही माणसे या भागात आली आणि येथेच रुजली. आजोबा त्यांपैकीच एक. त्यांचे सारे आयुष्य पाळ्यांमध्ये गेले. कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. निवृत्तीनंतर पाळ्या संपल्या, पण मोडलेली झोप काही सांधली नाही. दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या, तेव्हापासून तर मध्यरात्रीनंतर त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

अशात शेजारच्या कुटुंबाची बदली झाली आणि त्यांचा पोपट आजोबांच्या घरी आला. तो आपल्याकडचा हिरवा राघू नव्हता. राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालावर नारिंगी ठिपका असलेला तो कॉकाटील जातीचा पक्षी होता. त्याचे मूळ ऑस्ट्रेलियातले. नातवाला खरे तर हिरवा पोपट हवा होता. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातले पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे आजोबांनी त्याला समजावून सांगितले होते.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास पिंजऱ्यात एकाएकी प्रचंड फडफड झाली. दिवा लावून पाहतात तो पाखरू तळाशी पडलेले, पंखाला रक्त लागलेले आणि छाती भात्यासारखी वरखाली होत असलेली. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. दिवसा ते पिसे फुलवून मलूल बसे, दाण्याला चोच लावीत नसे. कोणी म्हणाले, “काका, सोडून द्या त्याला मोकळे.” पण पिंजऱ्यातच जन्मलेले ते परदेशी पाखरू बाहेर चार दिवससुद्धा तगले नसते. आजोबा पिंजरा घेऊन दुर्गला पशुवैद्यांकडे गेले.

पशुवैद्यांनी जखम पाहून औषध दिले आणि पाखराची भीती उलगडून सांगितली. पोपट हा थव्याने राहणारा जीव. अंधारात त्याला नीट दिसत नाही. रानात शत्रूची चाहूल लागताच साऱ्या थव्याने उडून जायचे, हीच त्याची सवय. घरात मांजर फिरले, रस्त्यावरील मोटारीचा उजेड भिंतीवर सरकला, एखादे भांडे पडले, की तो दचकून उडू पाहतो आणि गजांवर आदळतो. कॉकाटील जातीत हे अधिक आढळते. त्याला रोज दहा ते बारा तासांची अखंड, शांत झोप लागते. नव्या घरात ती आपोआप येत नाही. घराने ती द्यावी लागते.

मग घराचे वेळापत्रक पाखराच्या मानाने ठरू लागले. पिंजरा दूरदर्शन संचाजवळून हलवून आतल्या खोलीत, भिंतीच्या कोपऱ्याशी ठेवला. स्वयंपाकघरालगत तो ठेवायचा नाही, कारण न चिकटणारा तवा फार तापला तर त्याचा धूर पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. अंधार पडला, की पिंजऱ्याच्या तीन बाजू सुती चादरीने झाकायच्या. चौथी बाजू हवेसाठी आणि पाखराला घर दिसावे म्हणून उघडी ठेवायची. खोलीत एक मंद दिवा लावायचा, म्हणजे दचकले तरी त्याला आपली दांडी सापडते. फडफड झालीच, तर पिंजऱ्यात हात न घालता दुरून हलक्या आवाजात बोलत राहायचे. नातू पहिल्यांदा कुरकुरला; मग तोही दार हळू लोटू लागला.

आठवडाभराने एका संध्याकाळी पिंजऱ्यातून बारीक करकर ऐकू आली. पाखरू चोचीवर चोच घासत होते. स्वस्थ झालेला पोपट झोपण्यापूर्वी असे करतो, हे पशुवैद्यांनी सांगितले होते. थोड्या वेळाने त्याने एक पाय पोटाशी घेतला, मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि ते झोपी गेले.

आजोबा बराच वेळ दाराशी उभे होते. रात्रपाळी करून ते सकाळी घरी येत, तेव्हा आजी खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्रे लावीत. कुकरची शिट्टी होऊ देत नसत. मुलांना मैदानावर पाठवीत. शेजारीण हाका मारीत आली, तर ओठांवर बोट ठेवून तिला अंगणातच थांबवीत. आपल्याला झोप लागते ती थकव्याने, असे आजोबांना तेव्हा वाटे. ती झोप कोणीतरी दिवसभर राखलेली होती, हे त्यांना आता उमगले.

दाणापाणी दिले, की पाळलेल्या जिवाचे सारे देणे फिटले, असे आपण समजतो. परंतु पिंजऱ्यातल्या पाखराला थवा नसतो, रात्रीचे झाड नसते. जो त्याला ठेवून घेतो, त्यालाच त्याचा थवा आणि त्याचे झाड व्हावे लागते.

आजोबांची झोप अजूनही मध्यरात्री मोडते. मात्र आता ते दिवा लावीत नाहीत. अंधारात अनवाणी पावलांनी आतल्या खोलीपर्यंत जातात, क्षणभर कानोसा घेतात आणि आवाज न करता परत येऊन आडवे होतात.