पिवळ्या वायरचं देणं

कॉम्प्युटरमधलं मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं एका रेडिओ मेकॅनिकने शिकवलेलं आहे. आमच्या सेलूत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टपरीवजा दुकान होतं. अख्खं गाव त्यांना मामू म्हणायचं. परभणी आकाशवाणी लागत नाही म्हणून ट्रान्झिस्टर बगलेत मारून आलेले शेतकरी तिथे बसलेले मी लहानपणापासून पाहिलेत. पुढे कलर टीव्ही आले, तेही गेले. मामूंचं सोल्डरिंग मात्र थांबलं नाही.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा. 2020च्या जानेवारीत, ऐन सराईत, मी जीटीएक्स 1660 सुपर हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. रेंडरिंग लावलं की थोड्या वेळात मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायचं. कार्डाच्या खोक्यावर 450 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, हवा असं लिहिलेलं, आणि माझ्या जुन्या बिनब्रँडच्या एसएमपीएसवरही 450च छापलेलं. मग अडतंय कुठे? विंडोज दोनदा टाकून झाली, रॅम पुसून झाली. शेवटी कॅबिनेट स्कूटरवर घालून मामूंकडे नेला.

त्यांनी विंडोजबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मल्टिमीटरचा काळा प्रोब काळ्या वायरला लावला, लाल प्रोब पिवळीला, आणि म्हणाले, “आता तुझं काय ते चालू कर.” आकडा 12.1 होता. रेंडरिंग सुरू झालं तसा 11.6, मग 11.3, मग 11.1, आणि पडदा काळा. ही पिवळी वायर 12 व्होल्टची. पाच टक्क्यांहून जास्त घसरण चालत नाही, म्हणजे 11.4च्या खाली गेलं की संपलं.

“वॅट नको सांगू. अँपिअर वाच,” असं म्हणत त्यांनी लेबलवर बोट ठेवलं. 12 व्होल्टपुढे 16 अँपिअर. गुणाकार केला तर 192 वॅट! बाकीची बेरीज 5 आणि 3.3 व्होल्टच्या खात्यात दाखवलेली. जुन्या मशीनना ते खातं लागायचं. आताचा प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः 12वरच जगतात. कार्ड सव्वाशे वॅटचं, प्रोसेसर पासष्टचा. झाले 190. हार्ड डिस्कने आणि पंख्यांनी काय हवा खायची? लेबलवर एकूण वॅटचा आकडा मोठ्ठा छापून ही ओळ बारीक ठेवणं, याला मी तरी लबाडीच म्हणतो.

मामूंच्या मागच्या फळीवर तसलेच तीन-चार एसएमपीएस विकायला ठेवलेले होते. मी त्यातलाच एक मागितला. “तुला नाही देणार,” म्हणाले. “हे टायपिंगवाल्यांसाठी. तू औरंगाबादहून चांगला मागव. बारावर तीसच्या वर अँपिअर पाहिजे, कार्डाची आठ पिनांची वायर त्याचीच पाहिजे, कन्व्हर्टर नको. आणि हातात घेऊन बघ, हलका लागला तर ठेवून दे.” समोर आलेलं गिऱ्हाईक त्यांनी असं दुसऱ्या गावाला पाठवलं. तपासणीचे पन्नास रुपये मात्र मोजून घेतले.

मी त्यात एकच भर घातली. तो एसएमपीएस किती तापमानाला पूर्ण वॅट देतो, तेही बघितलं. कंपन्या कुणी 25 अंशांना हिशेब मांडतात, कुणी 40 किंवा 50 अंशांना. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत 25 अंश कोण देणार? कार्यक्षमतेचा ब्राँझ शिक्का असलेला 550 वॅटचा घेतला; एक ओळखीचा माणूस तपोवन एक्स्प्रेसने येताना घेऊन आला.

नवा बसवायच्या दिवशी मामू स्वतः घरी आले. आल्या आल्या जुन्या चालू मशीनच्या कॅबिनेटला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, पण आमच्या घरात ते सगळ्यांनी सवयीचं करून घेतलेलं. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. तिसऱ्या पिनेला खरं अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे सगळा पत्रा 230च्या निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो. मामूंनी नवं खोकं उघडूच दिलं नाही. आधी वायरमन बोलावला, अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला, पट्टी पुरली. मगच एसएमपीएस बसला. त्या सराईत मशीन परत बंद पडलं नाही, आणि पुढे लॉकडाऊनमध्ये मुलीची शाळा त्याच मशीनवर भरली.

आता नजर कमी झाल्याने मामू दुकानात बसत नाहीत. तिथे त्यांचा भाचा मोबाइलची कव्हरं विकतो.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि अर्थिंग नुसतं नावाला उरतं. चैत्र लागला की मी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. तुमच्याही कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील, तर नवा एसएमपीएस मागवण्याआधी वायरमनला बोलवा.