हँगरमागचं बाकडं

जुहूच्या विमानतळावर आमच्या फ्लाइंग क्लबाच्या हँगरमागे एक लाकडी बाकडं होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली विटेचा तुकडा सरकवलेला. कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात पडल्यावर १९८३ ते १९८६ अशी तीन वर्षं मी त्या बाकड्यावर काढली. विमान कंपनीच्या मुलाखतीची तयारी म्हणजे आमच्यासाठी ते बाकडं.

हे सगळं आता वर आलं, कारण माझी पुतणी. तिचं ट्रेनिंग बारामतीला झालं, लायसन्स मिळून दीड वर्ष झालं आणि परवा तिला एका विमान कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. गेले दोन महिने तिची तयारी मी शेजारच्या खोलीतून पाहतो आहे आणि रोज मनानं जुहूला जाऊन येतो आहे.

आमच्या वेळी अर्ज कुठे करायचा हा प्रश्नच फारसा नव्हता. १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालेलं. देशात उडायचं तर इंडियन एअरलाइन्स, परदेशात उडायचं तर एअर इंडिया आणि १९८१ मध्ये नव्यानं निघालेली वायुदूत. जाहिरात पेपरात येणार, पण कधी येणार याचा नेम नसे. तोवर लायसन्स जिवंत ठेवण्यापुरते तास उडायचे आणि त्यासाठी शिकवण्या घ्यायच्या, हिशेब लिहायचे, जमेल ते करायचं. मी पहाटेच्या लोकलनं डोंबिवलीहून निघायचो, दादरला गाडी बदलून पार्ल्याला उतरायचो आणि तिथून चालत जायचो. वाटेत दिसेल त्या गाडीच्या नंबर प्लेटवरची अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी मोठ्यानं म्हणत. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे रेडिओवरच्या इंग्रजीची धास्ती सगळ्यात मोठी. आमच्या मजल्यावर इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर राहत. मुलाखतीआधीचे चार महिने त्यांनी रोज संध्याकाळी माझ्याकडून अग्रलेख मोठ्यानं वाचून घेतला. एक पैसा घेतला नाही.

क्लबात उडायला असायचं ते पुष्पक. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बनवलेलं, शेजारी-शेजारी दोन माणसांचं, पंखांवर ताणून बसवलेलं कापड आणि नव्वद अश्वशक्तीचं इंजिन. ऊन तापलं की त्या कापडावरच्या डोपचा उग्र वास हँगरभर पसरायचा. आजही एखाद्या दुकानात नेलपॉलिशची बाटली उघडलेली असली तर मी क्षणभर थांबतो. टेकऑफ घेतल्यावर समोर समुद्र, उजवीकडे वर्सोव्याच्या बाजूचा किनारा. जून लागला की ढग इतके खाली येत की उडणं जवळजवळ बंदच. पावसाळा हा अभ्यासाचा हंगाम. पत्र्यावर सरी आपटत असायच्या आणि पत्र्याखाली बाकड्यावर आम्ही सहा-सात जण.

बाकड्याची खरी दौलत म्हणजे एक वही. दोनशे पानी, खाकी कव्हराची. कुणीही कुठेही मुलाखत देऊन आला की घरी जाण्याआधी बाकड्यावर यायचा. त्याच्यासाठी चहा आणि वडापाव मागवायचा, तो आठवून आठवून प्रश्न सांगायचा आणि ज्याचं अक्षर बरं तो लिहून घ्यायचा. जो नापास होऊन आला, तोही यायचा. किंबहुना त्याचेच प्रश्न आम्ही जास्त जपून लिहायचो. वहीत आठ-नऊ जणांची अक्षरं होती. एका उत्तरासमोर कुणीतरी लाल शाईनं ‘चूक’ लिहून खाली वेगळं उत्तर दिलेलं आणि त्याखाली तिसऱ्यानं पहिलंच बरोबर असल्याचं आकृती काढून सिद्ध केलेलं. डच रोल म्हणजे काय, तो आवरायला यॉ डँपर काय करतो, इंजिन बंद पडलं तर कोणत्या वेगापर्यंत थांबता येतं, असे प्रश्न. पुस्तकं मोजकीच. डी. पी. डेव्हिस या ब्रिटिश टेस्ट पायलटचं ‘हँडलिंग द बिग जेट्स’ हे १९६७ चं पुस्तक क्लबात एकच होतं. ते प्रत्येकाला आठ दिवस मिळे. माझ्या वाट्याच्या आठ दिवसांत मी त्यातली दोन प्रकरणं हातानं उतरवून काढली होती.

वहीतला एक प्रश्न मात्र सगळ्यांना पाठ होता, कारण तो आमच्या मातीतला होता. जुहूला काय काय घडलं? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानानं इथेच उतरले, हे कुणीही सांगे. त्यापुढे जाऊन, १९७२ मध्ये जपानचं डीसी-८ हे प्रवासी जेट सांताक्रूझ समजून आमच्या आखूड रनवेवर उतरलं होतं, हे सांगता आलं तर बोर्डावरचे कॅप्टन मान वर करून बघत, असं सिनियर सांगायचे. दोन विमानतळ जवळजवळ, रनवेंची दिशाही जवळपास सारखी. डोळ्यांना दिसतं तेच खरं मानू नये, हा धडा आम्ही त्या गोष्टीतून घेतला.

१९८५ च्या नोव्हेंबरमधली एक सकाळ आठवते. कलकत्ता ते सिलचर हे फोकर विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी नेलं. सगळा कर्मचारीवर्ग स्त्रियांचा असलेलं ते देशातलं पहिलं उड्डाण. आमच्या बाकड्यावर तेव्हा एकच मुलगी होती. तिनं पेपरातली ती बातमी कापून आणली आणि कुणाला न विचारता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली. मी पुतणीला हे सांगितलं तेव्हा तिनं ती वही कुठे आहे असं विचारलं. कुठे आहे, मला ठाऊक नाही. शेवटी कुणाच्या हातात राहिली, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता तिची खोली बघा. टेबलावर टॅबलेट. त्यात प्रश्नांचे गठ्ठेच्या गठ्ठे, हजारोंनी. गुरुग्रामला सकाळी अकराला विचारलेला प्रश्न दुपारच्या जेवणाआधी तिच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये येतो. निवडीच्या पायऱ्याही किती! आधी लेखी, मग कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. त्यात एका हातानं जॉयस्टिक धरून पडद्यावरचा ठिपका चौकटीत ठेवायचा, त्याच वेळी कानावर येणारे आकडे लक्षात ठेवायचे आणि मध्येच भागाकार सोडवायचा. मी एकदा तिच्या लॅपटॉपवर हा सराव करून पाहिला, तर चार मिनिटांत कपाळावर घाम आला. त्यानंतर ग्रुप डिस्कशन, सिम्युलेटर, टेक्निकल राउंड, एचआर राउंड. भिंतीवर तिनं एअरबस ३२० च्या कॉकपिटचं पूर्ण मापाचं चित्र लावलं आहे आणि त्यासमोर खुर्ची टाकून ती हवेत बोटं फिरवत चेकलिस्ट म्हणते. ते पाहून मला भरून आलं. आम्हीही फोकरचं पॅनेल हँगरच्या दारावर खडूनं काढलं होतं आणि दर पावसात ते पुन्हा काढावं लागे.

काही गोष्टी तशाच आहेत, त्याचा आनंद होतो. ओल्या रनवेवर चाक पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ती आजही आमच्याच सूत्रानं काढते. टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. दर चौरस इंचाला दाब २०० पौंड असेल तर सुमारे १२७ नॉट. हवामानशास्त्राला तिच्याकडेही आय. सी. जोशींचंच पुस्तक आहे, कोपरे दुमडलेलं. कंपन्या मात्र वाढल्या. २०२३ या एका वर्षात एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिली. आमच्या बाकड्यावर हे आकडे कुणी सांगितले असते तर आमचा विश्वास बसला नसता. तरीही लायसन्स घेऊन वर्ष-दोन वर्षं थांबलेली मुलं तिच्या ओळखीत कितीतरी आहेत. शिवाय ट्रेनिंगला, टाइप रेटिंगला लागणारा पैसा असा की आई-बापाचं घर गहाण पडतं. आमच्यावर निदान तो बोजा नव्हता. मला या मुलांची फार काळजी वाटते.

पण ज्या बदलाबद्दल मला खरं लिहायचं आहे, तो वेगळाच आहे.

एका संध्याकाळी ती एचआर राउंडचा सराव करत होती. प्रश्न होता, तुमचा एखादा निर्णय सांगा, जो घेणं अवघड गेलं. तिनं सांगितलं, सोलो क्रॉस-कंट्रीला असताना समोर धुरकट हवा दाट होत गेली, खालचा रस्ता दिसेनासा झाला आणि ती अर्ध्यातून परत फिरली. तिच्या वहीत हे उत्तर पहिल्या क्रमांकावर आहे.

मी गप्प झालो. १९८४ मध्ये मीही परत फिरलो होतो. जुहूहून नाशिककडे निघालो होतो, कसारा घाटावर ढग बसले होते. पुष्पकला घेऊन त्यात शिरण्याची हिंमत झाली नाही. परत आल्यावर बाकड्यावर चेष्टा झाली. पुढे मुलाखतीत बोर्डावरच्या एका साहेबांनी लॉगबुक चाळताना त्या नोंदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे काय?’ मी म्हटलं, इंजिनचा आवाज थोडा वेगळा वाटला. खोटं होतं ते. माझी निवड झाली, मी पस्तीस वर्षं उडालो, हजारो माणसं सुखरूप उतरवली. पण ते वाक्य मला आजही टोचतं.

आम्ही तयारी करायचो ती ठामपणाची. उत्तर आलंच पाहिजे, आवाज हलता कामा नये, कॅप्टनसमोर शंका काढायची नाही. त्या काळाची ती रीत होती. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. दुसरं विमान अजून रनवेवर असेल ही शंका कॉकपिटमध्ये बोलली गेली होती, पण ज्येष्ठ कॅप्टनपुढे ती टिकली नाही. त्यातून धडा घेऊन १९७९ मध्ये नासानं कार्यशाळा भरवली आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचं शास्त्र उभं राहू लागलं. ते वारं आमच्या बाकड्यापर्यंत पोचलं नव्हतं. पुढे २२ मे २०१० ला मंगळूरच्या विमान अपघातात १५८ जणांचा जीव गेला. उतरू नका, पुन्हा वर जाऊ, असं को-पायलटनं सांगितल्याचं चौकशी अहवालात आहे. तो अहवाल मी रात्रभर जागून वाचला होता.

म्हणून आज या मुलांना कॅप्टन चुकत असेल तर काय कराल, असं थेट विचारतात, याचं मला मोल वाटतं. आमच्या वहीत हा प्रश्न एकदाही आला नाही. दोनशे पानं होती, पण हा प्रश्न नव्हता.

बाकडं नाही, याचं मात्र वाईट वाटतं. फोनवरच्या त्या ग्रुपमध्ये शेकडो मुलं आहेत आणि त्यांतल्या दोघांचेही चेहरे तिनं पाहिलेले नाहीत. नापास झालेला मुलगा ग्रुप सोडून जातो. त्याला कुणी वडापाव खायला घालत नाही. म्हणून मी ठरवलं, आपणच बाकडं व्हायचं. रोज रात्री नऊला आम्ही दिवाणखान्यात बसतो, मी बोर्ड आणि कॅप्टन दोन्ही होतो.

काल मी सराव म्हणून सांताक्रूझचा एक हवामान अहवाल लिहून दिला. रनवे २७, पाऊस, ढग खाली. मी कॅप्टन, ती को-पायलट. ब्रीफिंग देताना चष्म्याविना वाचत मी क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचा हवेचा दाब, एक हजार चार म्हणालो.

‘काका, नऊशे नव्व्याण्णव आहे.’

माझ्या लक्षात आलं. पाच हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे दीडशे फूट. आम्ही समजत होतो त्याहून दीडशे फूट खाली असतो, आणि तेही पावसात. पण मी मुद्दाम आवाज चढवला. ‘एक हजार चार. पुढे चल.’

तिनं कागद माझ्यासमोर सरकवला, त्या आकड्यावर बोट ठेवलं. आवाज शांत होता, पण ‘काका’ हा शब्द गळून पडला होता.

‘नाही, कॅप्टन. नाइन नाइन नाइन. आधी दोघंही सेट करू, मग खाली जाऊ.’

मी हवेतच अल्टिमीटरची कळ फिरवली आणि म्हटलं, ‘नाइन नाइन नाइन, सेट.’ तिनंही तेच म्हटलं, आणि आम्ही पुढची चेकलिस्ट घेतली.