खिशातला कॅमेरा आणि खरे भांडवल

बँकेच्या कर्जविभागात प्रत्येक प्रस्तावावर आम्ही एक प्रश्न हमखास विचारत असू : तारण काय? चित्रपटाच्या धंद्याला हा प्रश्न आपल्याकडे आरंभापासूनच चिकटलेला आहे. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणण्यासाठी दादासाहेब फाळके यांनी विमा पॉलिसी तारण ठेवल्या. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून त्याची चित्रफीत दाखवली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. तेव्हा कुठे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

आज कॅमेरा गल्ल्याशेजारी ठेवलेल्या मोबाईलमध्येच आहे. मलिक बेंजेलूल या स्वीडिश दिग्दर्शकाचे पैसे संपले, महागडी फिल्म परवडेना, तेव्हा ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटातील काही दृश्ये त्याने फोनवर, अत्यंत स्वस्त ॲप वापरून टिपली. २०१३ मध्ये त्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. शॉन बेकर यांनी २०१५ चा ‘टँजरीन’ हा संपूर्ण चित्रपट आयफोन ५एस वर चित्रित केला. ध्वनिमुद्रण मात्र त्यांनी वेगळ्या, व्यावसायिक उपकरणांवर करून घेतले. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, अस्पष्ट बोलणे सहन करत नाही.

म्हणजे यंत्राची किंमत उतरली. विचाराची उतरली नाही. पूर्वीच्या घरगुती सुपर-८ कॅमेऱ्याचे एक रीळ जेमतेम तीन मिनिटे चाले. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आता ती काटकसर उरली नाही. प्रत्येक घरात शेकडो चित्रफिती साठल्या आहेत. गोदाम भरलेले, पण मालाची नोंद कुठेच नाही, अशी आपली स्थिती आहे.

या पसाऱ्यात आमच्या घरी एक चित्रफीत मात्र जपून ठेवली आहे. माझे थोरले बंधू ऐंशीच्या घरात असताना माझ्या नातीने ती तयार केली. तिने पंखा बंद केला, एक फोन पुस्तकांच्या चळतीवर आडवा उभा केला आणि दुसरा आवाजासाठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. “आजोबा, १९७२ च्या दुष्काळात आपले दुकान कसे चालले?” एवढे विचारून ती गप्प बसली. चाळीस मिनिटांच्या बोलण्यातून तिने पुढे नऊ मिनिटे निवडली.

त्यात बंधू सांगतात, की वडिलांनी त्या वर्षी गावातल्या कुळांना उधारीवर धान्य दिले आणि पुढच्या दिवाळीला वहीपूजनाआधी त्यांतील कित्येक खात्यांवर स्वतःच रेघ मारली. कोणाला सांगायचे नाही, असे बजावलेही होते. मी आयुष्यभर बँकेत बुडीत कर्जांचे हिशेब लिहिले. वडिलांनी आपल्या हाताने बुडीत केलेली ती खाती मात्र मला या नऊ मिनिटांतून कळली. बंधू आता नाहीत. त्या वह्याही नाहीत.

वाचकहो, आपल्या पेढ्यांचा इतिहास कोणी पुस्तकात लिहिलेला नाही. तो वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आहे. त्यासाठी चित्रपटाचे शिक्षण लागत नाही. एकच नेमका प्रश्न ठरवावा, उजेड चेहऱ्यावर येईल असे बसवावे, मध्ये बोलू नये. ध्वनिचित्रमुद्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी, कारण घरातली प्रत्येक गोष्ट चव्हाट्यासाठी नसते. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी कपाटात आहेत आणि त्या लावायला यंत्र नाही, हा अनुभव अनेक घरांना आहे.

वहीतली नोंद उशिरा केली तरी चालते, कारण पावती हाताशी असते. माणसाच्या आठवणीची पावती नसते. ती नोंद त्याच्या हयातीतच व्हायला हवी.