चित्र कुणाचं, नाव कुणाचं?

मी तेल्हाऱ्यात शिवणकाम करते. एका दुकानासाठी झबली-परकर शिवून देते. टीप माझी, लेबल दुकानाचं. म्हणूनच बाजारात वारली चित्रांची चादर दिसली तेव्हा मी विचारलं, "भाऊ, हे चित्र कोणं काढलं?" दुकानदार हसला. "ताई, चित्राचं काय घेऊन बसल्या? माल सुरतेहून येते."

पण चित्र कुणीतरी काढलेलंच असतं. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहीत आल्या. सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी, एवढंच साहित्य. 1970 नंतर ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये त्यांचं निधन झालं. 2014 मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीपण चादरीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर चित्र दिसतं, काढणाऱ्याचं नाव क्वचितच दिसतं. आणि ज्या बायांनी पिढ्यानपिढ्या चौक लिहिले, त्यांची नावं तर कुणी टिपलीच नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची कहाणीही अशीच. क्लिफर्ड पॉसम या चित्रकाराचं एक चित्र 1977 मध्ये 1,200 डॉलरला विकलं गेलं. तेच 2007 मध्ये 24 लाख डॉलरला गेलं. तोवर चित्रकार हयात नव्हते. फेरविक्रीत चित्रकाराला किंवा वारसांना 5 टक्के हिस्सा देणारा कायदा तिथे 2010 मध्ये लागू झाला.

पण तिथले लोक कायद्याची वाट पाहत बसले नाहीत. वाळवंटातल्या पापुन्या वस्तीच्या चित्रकारांनी 1972 मध्येच स्वतःच्या मालकीची संस्था काढली. पुढे दूरदूरच्या वस्त्यांत अशी कलाकेंद्रं उभी झाली. केंद्र कापड-रंग पुरवतं, चित्रासोबत चित्रकाराचं नाव आणि चित्राची कथा लिहून ठेवतं, विक्री करतं आणि पैसा त्याच्या हाती देतं. एकट्या माणसाला व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. दहाजण मिळून बसले की भाव सांगता येतो.

भगिनींनो, मुलं शाळेत वारली चित्र काढतात तेव्हा त्यांना म्हसे यांचं नाव जरूर सांगा. आणि आपल्या बचत गटात एक विषय मांडा: पापड आपले, शिवण आपली, गोधडी आपली, मग पिशवीवर नाव दुसऱ्याचं का?